चार्जिंग कोण थांबवतं?

शुक्रवारी दुपारी एक वाजता डॉक्टरीण दवाखान्याला कुलूप घालून चौकात आली. तिची पांढरी व्हॅन सभागृहाच्या भिंतीला लागून उभी होती, वायर जागच्या जागी खोचलेली होती, मशीनचा दिवा हिरवागार होता आणि पडद्यावर अक्षरं होती, ‘चार्जिंग थांबले आहे. कार्ड लावा.’

तिनं गाडीत डोकावून पाहिलं. एकोणपन्नास टक्के. सकाळी नऊला लावली तेव्हा सत्तावीस होते. चार तासांत साठाच्या घरात जायला हवे होते.

“झालं! पुन्हा!” ती स्वतःशीच म्हणाली आणि चौकाकडं वळून चहूबाजूंना अशी नजर फिरवली, की बाकावर बसलेले दोघेजण उगाच उठून उभे राहिले.

गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचं, पण तिचे रुग्ण सगळे चार पायांचे. सकाळी गावातला दवाखाना, आणि मंगळवारी व शुक्रवारी दुपारी टेकडीवरच्या गोठ्यांची फेरी, हा तिचा सात वर्षांचा शिरस्ता. मागच्या वर्षी जुनी डिझेलची गाडी मोडीत काढून तिनं ही विजेची व्हॅन घेतली. घर अरुंद बोळात, वर वीस पायऱ्या. गाडी काही दारापर्यंत जात नव्हती. त्यामुळं सगळी भिस्त चौकातल्या त्या एका मशीनवर. मशीनला वायरी दोन, त्यातली एक पहिल्या आठवड्यापासून मुकी. म्हणजे गाव एक, वायर एक आणि विजेच्या गाड्या पाच. पाळ्या ठरलेल्या होत्या. रात्र टॅक्सीवाल्याची, सकाळ डॉक्टरीणबाईंची, दुपार निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाईंची, उरलेला वेळ ज्याला साधेल त्याचा. दुसरं मशीन शहरात, पंचेचाळीस किलोमीटरवर.

गेले चार आठवडे हा प्रकार चालला होता. इतर दिवशी मशीन गुणी बाळासारखं वागायचं, आणि नेमकं मंगळवारी-शुक्रवारी, तिला टेकडी चढायची असली की मध्येच थांबायचं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्यानं मशीन ठोकून-वाजवून पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला म्हणाला, “बाई, मशीन ठणठणीत आहे. समोर हे लाल बटण आहे ना, ते दाबलं की थांबतं. कुणीतरी दाबत असणार.”

तो गेला आपल्या गाडीत बसून, पण जाता जाता गावात काडी टाकून गेला.

त्या दिवसापासून जो तो दुसऱ्याच्या बोटांकडं बघायला लागला. टॅक्सीवाल्याला गाव ‘सावकाश’ म्हणायचं, कारण तो बैलगाडीलाही पुढं जाऊ द्यायचा. या सावकाशचा संशय मास्तरांवर. मास्तरांना रोज फक्त तीन किलोमीटर फिरायला जायचं असतं, मग गाडी पोटभर कशाला लागते? मास्तरांचा संशय सावकाशवर. मास्तरांच्या बाईंचा संशय सगळ्यांवर. मशीनवर कुणीतरी कागद चिकटवला, ‘कृपया दुसऱ्याच्या गाडीचे चार्जिंग थांबवू नये.’ दोन दिवसांत त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात उत्तर आलं, ‘कृपया आपली गाडी वेळेवर हलवावी.’ आणि त्याच्याखाली तिसऱ्या अक्षरात, ‘अक्षर ओळखलं आहे.’

डॉक्टरिणीनं मात्र पहिल्या खेपेपासूनच एक वही केली होती. तारीख, वार, लावली तेव्हा किती टक्के, काढली तेव्हा किती, आणि चौकात कोण दिसलं. गुरं तपासणारी बाई ती. जनावर बोलत नाही, लक्षणं मांडून रोग शोधावा लागतो, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. पण वहीतला शेवटचा रकाना भरताना लक्षणं मागं पडली आणि माणसं पुढं आली. चार आठवड्यांत त्या रकान्यात एक माणूस आठही वेळा होता. तिचे मोठे दीर.

भाऊजींचा पेट्रोल पंप चौकाच्या पलीकडच्या बाजूला, मशीनच्या अगदी समोर. दिवसभर ते तिथल्या काचेच्या खोलीत बसून असायचे, तेव्हा ते चौकात दिसणार नाहीत तर कोण दिसणार? हे तिलाही कळत होतं. पण संशयाचं असं असतं, एकदा मनात पाल चुकचुकली की ती भिंतीवरून उतरतच नाही. गावात पाच गाड्या विजेच्या झाल्या, म्हणजे पंपाची पाच गिऱ्हाईकं तुटली. आणि मशीन आलं तेव्हा पहिली चेष्टा केली होती तीही भाऊजींनीच.

दर रविवारी दुपारचं जेवण भाऊजींच्या घरी असायचं. त्या रविवारी ताटं वाढली जात असताना भाऊजी म्हणाले, “काय डॉक्टरीणबाई, तुझ्या गाडीनं परवा पुन्हा अन्न टाकलं म्हणे?”

“अन्न टाकलं नाही भाऊजी. कुणीतरी तोंडचा घास काढला,” ती म्हणाली.

ताट वाढणारा जाऊबाईंचा हात क्षणभर थांबला. भाऊजी हसले, पण ते हसू नेहमीसारखं पोटातून आलं नाही. “नवीन जनावर आहे. अंगवळणी पडायला वेळ लागतो.”

“आठ वेळा? आणि नेमकं मंगळवारी-शुक्रवारीच?”

भाऊजींनी तिच्या नवऱ्याकडं पाहिलं. नवरा पाण्याचा तांब्या आणायला उठला. तांब्या भरलेला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी तिला दिसली ती फक्त भाऊजींची नजर, आणि तिला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

घरी येताना तिनं नवऱ्याला विचारलं, “तुला काय वाटतं?”

नवरा जमिनीचा मोजणीदार. शिवाय गावच्या समितीचा सचिव. इंचभर इकडचं तिकडं न होऊ देणारा माणूस, अशी त्याची ख्याती. तो म्हणाला, “दादा असं करणार नाही.”

“मग कोण करतं?”

“मशीनच असेल काहीतरी.”

“मशीन ठणठणीत आहे. कंपनीनं सांगितलंय.”

यावर तो झपझप पुढं चालायला लागला. भावाची बाजू घ्यायची, पण बोलायचं नाही, असा तिनं त्याचा अर्थ लावला आणि तिला त्याचाही राग आला.

पुढच्या शुक्रवारी तर कहर झाला. सकाळी रात्रीच्या पाळीतली सावकाशची टॅक्सी तासभर उशिरा हलली, त्यामुळं व्हॅन दहाला लागली. बारा टक्क्यांवर. दुपारी एकला तिनं पाहिलं तर सव्वीस, आणि पडद्यावर तेच, ‘कार्ड लावा.’ ती कार्ड लावून तिथंच उभी राहिली. अडीचपर्यंत अडतीस झाले आणि तेवढ्यात टेकडीवरून फोन आला. सर्वांत वरच्या गोठ्यातली गाय अडली होती. पहिलटकरीण, आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता.

गोठा एकटी चालवणारी बाई होती ती, गाव तिला टेकडीवाली म्हणायचं. दहा शब्दांच्या जागी तीन शब्दांत काम भागवणारी बाई. ती फोनवर म्हणाली, “लवकर या बाई,” याचा अर्थ डॉक्टरिणीला पुरता कळला.

अडतीस टक्क्यांत टेकडी चढून होईल का? उन्हाळ्यात झालं असतं. पण दिवस कडाक्याच्या थंडीचे, आणि थंडीत बॅटरी म्हाताऱ्या माणसासारखी लवकर थकते. तिनं गाडीतलं गरम हवेचं यंत्र बंद केलं, हातमोजे चढवले आणि निघाली. शेवटच्या चढाला, गोठा दोन किलोमीटर राहिला असताना, गाडीनं एकदा सूचना दिली, दोनदा दिली, आणि वळणावर हळूहळू होत उभी राहिली.

तिनं पिशवी खांद्याला मारली, वासरू ओढायच्या दोऱ्या गळ्यात घातल्या आणि गमबूट घालून चढण चालायला लागली. चालताना पावलागणिक तिच्या तोंडात एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तरही तिनं ठरवून टाकलेलं होतं.

पोचायला अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. कोपरापर्यंत हात घालून तिनं मागं मुडपलेला दुसरा पाय सरळ केला, दोऱ्या बांधल्या, टेकडीवालीनं आणि तिनं मिळून ओढलं. वासरू बाहेर आलं ते जिभेसकट निळं पडलेलं. तिनं त्याच्या नाकात गवताची काडी फिरवली, छाती चोळली, पाय धरून उलटं धरलं. काही उपयोग झाला नाही. गाय वाचली. तिला टाके घालून, सुई टोचून डॉक्टरीण उठली तेव्हा टेकडीवाली बादलीत हात धूत होती.

“तुम्ही फोन केलात तेव्हा जिवंत होतं का?” डॉक्टरिणीनं विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“पाय हलवत होतं,” टेकडीवाली म्हणाली. “अगदी आत्ता आत्तापर्यंत.”

बस. तेवढंच. तिनं दोष दिला असता तरी परवडलं असतं. उलट तिनं ट्रॅक्टर काढला, व्हॅनला साखळी लावली आणि गाडी ओढत गावात आणून सोडली. सगळ्या चौकानं ते पाहिलं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीण एका कुत्र्याच्या पायाला टाके घालत होती. दवाखान्याची खिडकी चौकाकडं उघडते. पावणेबारा वाजले होते. सहज मान वर झाली, आणि तिच्या हातातली सुई थांबली. मशीनचा दिवा विझलेला होता. भाऊजी मशीनपाशी उभे होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खिशातून किल्ली काढली, मशीनच्या बाजूचं पत्र्याचं छोटं झाकण उघडलं, आत हात घातला. दिवा लागला. झाकण लावून, किल्ली खिशात टाकून ते शांतपणे पंपाकडं चालू लागले.

कुत्रं अर्धवट शुद्धीवर. ती सोडून जाऊ शकत नव्हती. उरलेले चार टाके तिनं कसे घातले ते तिचं तिला ठाऊक. मग धावत मशीनपाशी गेली. पडद्यावर, ‘चार्जिंग थांबले आहे. कार्ड लावा.’

हातच्या काकणाला आरसा कशाला! तिनं वही उघडली, वेळ लिहिली, आणि समोर लिहिलं: ‘पाहिलं.’

नवऱ्याला तिनं काहीच सांगितलं नाही. तो भावाला सावध करील, असं तिला वाटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच ती त्याच्याशी हातचं राखून बोलत होती. जेवताना त्यानं विचारलं, “आज गप्प का?” ती म्हणाली, “दमले.”

गुरुवारी संध्याकाळी सभागृहात समितीची सभा होती. विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांचा, पण मशीनचा विषय निघणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून खुर्च्या कमी पडल्या. टेकडीवालीसुद्धा खाली आली होती. खड्डे झाले, गटार झालं, आणि डॉक्टरीण उठून माईकपाशी गेली.

तिनं वही वाचली. तारीख, वार, टक्के. मग वासराचं सांगितलं. आणि मग म्हणाली, “मंगळवारी पावणेबाराला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मशीनचं झाकण किल्लीनं उघडून आत हात घालणारा माणूस इथंच बसलाय. तो परका नाही, माझ्या घरचा आहे. त्याचा पंप चालावा म्हणून आमच्या गाड्या थांबतात. भाऊजी, मी खोटं बोलत असेन तर सांगा.”

जाऊबाई “अगं!” एवढंच म्हणाल्या.

भाऊजी उठले. त्यांनी टोपी हातात घेतली आणि समोरच्या टेबलाकडं पाहिलं. तिथं सचिवाच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ बसला होता आणि कागद एकसारखे करत होता.

“झाकण मीच उघडलं,” ते भावावरची नजर न काढता म्हणाले. “एकदा नाही, दर वेळी. बाकी तुझं तू ठरव.”

आणि ते बाहेर गेले. मागोमाग जाऊबाई.

लोकांत एकदम गलका उठला. मास्तरांच्या बाई म्हणाल्या, “मला पहिल्यापासून माहीत होतं.” सावकाशनं मास्तरांची माफी मागितली, मास्तरांनी सावकाशची. गावाला चोर सापडला होता आणि जो तो सुटल्यासारखा दिसत होता. डॉक्टरिणीला मात्र जिंकल्यासारखं काही वाटेना. कबूल करणारा माणूस असा दिसत नाही, हे तिच्या मनात टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आणि जाऊबाई पंपाला कुलूप लावून शहरात मुलीकडं निघून गेले. आणि त्याच दिवशी, शुक्रवारी, पावणेबारा वाजता मशीनचा दिवा विझला.

या वेळी तो पुन्हा लागलाच नाही. भर दुपारी पडदा काळा ठिक्कर. समोर पंपाला कुलूप. डॉक्टरीण मशीनसमोर उभी राहिली. भाऊजी पंचेचाळीस किलोमीटरवर होते.

ती चालत दूधकेंद्रात गेली. जायचंच होतं, दर शुक्रवारी दुधाचे नमुने तपासायला ती जायची. केंद्र सभागृहाच्या मागच्या अंगाला. तिथली मावशी रबरी बूट घालून दुधाची मोठी टाकी उकळत्या पाण्यानं धूत होती. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला येऊन दूध घेऊन जातो, मग टाकी धुवायची, असा तिचा नेम. थंडी पडल्यावर भिंतीवर नवा बसवलेला पाणी तापवायचा मोठा हीटर घुर्र करत होता.

“आज बरं चाललंय बाई,” मावशी म्हणाली. “नाहीतर तुझी गाडी लागलेली असली की माझे दिवे असे मंद होतात, की टाकीचा तळ दिसत नाही.”

“कधी? हीटर लावल्यावर?”

“हो, साडेअकरा-पावणेबाराला. मग तिकडं काहीतरी फटकन पडतं आणि माझे दिवे पुन्हा लखलखीत. आज तर पडलं ते पडलंच.”

डॉक्टरिणीनं नमुन्यांची पेटी खाली ठेवली. “मावशी, पण मशीनला वेगळी लाइन आहे ना? वेगळी टाकलीय म्हणून सांगितलं होतं.”

“कसली वेगळी? वर बघ की.”

ती मागच्या अंगणात गेली आणि वर पाहिलं. खांबावरून एकच तार येत होती. ती केंद्राच्या भिंतीत शिरत होती, आणि तिथूनच एक काळी केबल फुटून सभागृहाच्या भिंतीवरून मशीनकडं गेली होती. हीटर आणि गाडी एकदम चालले की तारेला भार पेलायचा नाही आणि मशीनमधलं सुरक्षेचं बटण पडायचं. कुणीतरी झाकण उघडून ते वर केलं की दिवा पुन्हा लागायचा, पडदा पुन्हा कार्ड मागायचा. कंपनीचा माणूस येईपर्यंत सगळं जागच्या जागी. भाऊजी मशीन बंद पाडत नव्हते. पडलेलं मशीन उठवत होते. फक्त आपण ते केलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण का नाही सांगितलं? आणि झाकणाची किल्ली त्यांना दिली कुणी?

किल्ल्या समितीच्या कपाटात असतात. कपाट सचिवाच्या ताब्यात.

ती तशीच सभागृहात गेली. कारकुनाला म्हणाली, “मशीन बसवलं त्याची फाइल बघायचीय.” कारकुनानं काही न विचारता काढून दिली, गुरुवारच्या सभेनंतर तिला नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. चौथ्या कागदावर होतं: ‘खांबापासून मशीनपर्यंत १४० मीटर स्वतंत्र वाहिनी टाकण्यात आली असून प्रत्यक्ष मोजणी करून खात्री केली आहे.’ खाली सही. ती सही तिनं अकरा वर्षं पाहिली होती.

संध्याकाळी नवरा घरी आला, बूट काढले, मोजणीची साखळी खुंटीला अडकवली. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. कागद समोर.

त्यानं कागद पाहिला. उभ्यानंच पाहिला. मग समोरची खुर्ची ओढून बसला.

“एकशे चाळीस मीटर,” ती म्हणाली. “मोजलेस?”

“अंतर मोजलं होतं. तार टाकली नव्हती.”

“का?”

“नवीन खांब, नवीन तार, सगळं मंजूर व्हायला आणखी वर्ष लागणार होतं. आणि महिनाअखेरीला कागद पोचला नसता तर मशीन दुसऱ्या गावाला गेलं असतं. तू तर गाडी घेऊन बसली होतीस. रोज विचारायचीस, मशीन कधी येणार, मशीन कधी येणार. म्हटलं, आत्ता सही करू, तार मागाहून येईलच.”

“म्हणजे माझ्यासाठी केलंस.”

“हो.”

“ते माझ्या नावावर टाकू नकोस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यानं मान खाली घातली. “मला सांगितलं असतंस, तर मी त्या सकाळऐवजी आदल्या दिवशी दुपारी गाडी लावली असती. एवढंच करायचं होतं. पाळी बदलायची होती. तुला ठाऊक होतं ना, मंगळवार-शुक्रवार का ते?”

“हीटर बसला त्या आठवड्यातच कळलं. दादाच्या लक्षात आलं आधी. तो म्हणाला, खरं सांगून टाक. मी म्हटलं, सचिवपद जाईल, मोजणीचं काम जाईल, खोटी सही करणाऱ्याकडून कोण जमीन मोजून घेईल? तेव्हा तो म्हणाला, दे किल्ली, तार येईपर्यंत मी बटण वर करत जाईन.”

“आणि काल मी त्यांना सगळ्या गावासमोर चोर म्हटलं, तेव्हा तू कागद एकसारखे करत होतास.”

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि खरा चोर तिच्याच शेजारी जेवत होता. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून मोकळं होता येईना. महिनाभर तिनं वहीत माणसांची नावं लिहिली. एकदाही मान वर करून तारेकडं पाहिलं नाही. आजारी गाईसमोर ती अशी कधीच वागली नसती.

“उद्या टेकडीवर जा,” ती म्हणाली. “तिला तू सांग. फोनवर नको. आणि पुढच्या सभेत माईकवर तू बोलशील, मग मी.”

शनिवारी सकाळी तो चालत टेकडीवर गेला. दुपारी परत आला. टेकडीवाली काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

पुढच्या सभेला पुन्हा खुर्च्या कमी पडल्या. नवऱ्यानं कागद वाचून दाखवला आणि खाली सही कुणाची ते सांगितलं. मग तिनं माईक घेतला. “मागच्या सभेत मी भाऊजींबद्दल बोलले ते सगळं चूक होतं. मी पाहिलं ते खरं होतं, पण मी लावलेला अर्थ खोटा होता. त्यांनी माझी गाडी कधी थांबवली नाही.” मास्तरांच्या बाई या वेळीही म्हणाल्या, “मला पहिल्यापासून माहीत होतं,” पण कुणी त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही.

सचिवपद गेलं. मोजणीची तीन कामं हातची गेली, मग एक परत आलं. समितीनं मशीन बंद करून त्याला ताडपत्री बांधली. नवीन खांबांचे खड्डे खणायला सुरुवात झाली, पण तार यायला वसंत उजाडणार होता. तोवर मास्तर पायी फिरायला लागले आणि सावकाश शहरात जाऊन गाडी चार्ज करून आणायला लागला. डॉक्टरिणीनं व्हॅन कुलपात ठेवली आणि शहरातून एक जुनाट पेट्रोलची पिकअप भाड्यानं आणली.

पंप पुन्हा उघडला होता. दोन आठवडे ती त्याच्यासमोरून मान खाली घालून जात होती आणि पेट्रोल शहरातून भरून आणत होती. तिसऱ्या मंगळवारी काटा तळाला टेकला आणि टेकडी तर चढायची होती. तिनं पिकअप वळवून पंपावर उभी केली.

काचेच्या खोलीतून भाऊजी स्वतः उठून आले. त्यांनी नळी हातात घेतली.

“किती?”

“भरून टाका.”

पेट्रोल आत जाण्याचा आवाज येत राहिला. ती खाली उतरून उभी राहिली. “भाऊजी, मी चुकले.”

“ऐकलं मी. सभेत मागं उभा होतो.”

“मग?”

“मग काय?” त्यांनी नळी जागेवर अडकवली, टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं. “सभा तासाभरात उरकते, बाई. माझं अजून उरकलेलं नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “मलाही बोलायला हवं होतं. भावाला झाकायच्या नादात टेकडीवालीचं वासरू गेलं, ते मी विसरलो नाहीये.”

“रविवारी येऊ का?” तिनं विचारलं.

“मला काय विचारतेस? स्वयंपाकघर माझं नाही.”

तिनं गाडी बाजूला लावली आणि पंपामागच्या घराच्या दाराशी गेली. दार जाऊबाईंनी उघडलं. हाताला पीठ होतं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गमबुटांसकट.

“भांडायला आली असशील तर इथंच उभी राहा.”

“नाही ताई. माफी मागायला आलेय.”

जाऊबाईंनी दार पूर्ण उघडलं आणि पाय लावून एक स्टूल तिच्याकडं सरकवलं.

“मग बस,” त्या म्हणाल्या. “त्याला वेळ लागेल.”